सरावातला फोरहँड सामन्यात नेण्याबाबत

माणसाच्या हातून जे काही खरोखर उत्तम घडतं, ते बहुधा मोजणी सुरू होण्याआधीच घडतं. कोलोनिया बेर्तोनी या आमच्या गावात हे तत्त्व सर्वमान्य आहे. गावाची लोकसंख्या चार हजार दोनशे. टेनिस कोर्ट दोन, दोन्ही विटांच्या भुकटीचे. टेनिसमधलं कळणारे लोक चार हजार एकशे नव्वद. (उरलेले दहा खेळतात.)

रेमिजिओ गालिनो हा त्या दहांतला. वय तेव्हा सेहेचाळीस, अंगानं काटक, चौकाला लागून रंगांचं दुकान. त्याचा फोरहँड हा आमच्या ला कन्स्तान्सिया क्लबाचा मानबिंदू आहे, आणि हे मी अजिबात चेष्टेनं म्हणत नाही. चेंडू समोरून निघाला न निघाला तोच त्याचा खांदा वळायचा, गुडघे हवे तेवढेच वाकायचे, रॅकेट मागून खालून यायची, चेंडू कमरेच्या हातभर पुढे गाठायची आणि फटका संपवून अलगद डाव्या खांद्यावर जाऊन बसायची. आवाज असा यायचा की तिकडे बाकावर माते, म्हणजे आमचा कडू चहा, नळीनं पिणारे लोक नळी तोंडातून काढून बघायचे. बाहेरगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला आधी चर्च दाखवत, मग दुधाची डेअरी, आणि मंगळवार किंवा गुरुवार असला तर रेमिजिओचा फोरहँड.

मंगळवार किंवा गुरुवारच. कारण ते सरावाचे दिवस. सामने रविवारी असतात, आणि रविवारी पाहुण्यांना डेअरीच दाखवलेली बरी.

सामन्यात त्याच रेमिजिओचा तोच हात खांद्याला ओळख दाखवेनासा व्हायचा. सोपा, पोटाएवढा उसळलेला चेंडू समोर आला की हा गडी जागच्या जागी खिळायचा, डोळे मोठे करायचा, आणि मग ऐन वेळी झाडूनं पाल हाकलावी तसं काहीतरी करायचा. चेंडू जाळीत तरी जायचा किंवा कुंपणापलीकडच्या बकाण्याच्या झाडांत तरी. अकरा हंगाम, लीगचे त्रेचाळीस सामने, त्रेचाळीस पराभव. निष्पक्षपणे हेही नोंदवायला हवं की प्रत्येक सामन्याआधी हात मोकळे करायला जी पाच मिनिटं मिळतात, ती पाच मिनिटं रेमिजिओ अकरा वर्षांत एकदाही हरलेला नव्हता.

मग त्याला संघात घेतात कसा, असं कोणी विचारेल. संघाची निवड सरावावरून होते. सामन्यावरून केली असती तर संघच उरला नसता.

आता हे सगळं गमतीचं वाटत असलं तरी गालिनोंच्या घरात गंमत नव्हती. त्याची बायको ओफेलिया शाळेत भूगोल शिकवते. जेवताना रेमिजिओचा उजवा हात आपोआप फिरायला लागला की ती पाण्याचा जग बाजूला सरकवायची. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्यानं एकदा रॅकेट सोडून दिली होती. दोन महिने माणूस घरात असून नसल्यासारखा. दुकानात रंग कालवायचा तेही चुकायला लागला. पाद्रीबाबांच्या घराला फिका राखाडी सांगितला होता, तो लागल्यावर गुलाबी निघाला, आणि बाबा भिडस्त असल्यामुळे अजून गुलाबीच आहे. शेवटी ओफेलियानंच रॅकेट माळ्यावरून काढून त्याच्या हातात दिली होती.

आणि या खेपेला नोव्हेंबरात, हंगामातल्या शेवटच्या रविवारच्या तीन आठवडे आधी, तो ताटावर बसून शांतपणे म्हणाला, "ओफे, हा सामना हरलो तर बस्स. कायमचं. मग तू आग्रह करू नकोस."

"आधी जेव," ओफेलिया म्हणाली.

"सेहेचाळीस वर्षांचा झालो. एकदा, फक्त एकदा, जिंकून हात मिळवायला जाळीपाशी जायचंय मला. एवढं काय फार मागतोय का मी?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ओफेलिया सरळ क्लबाचे अध्यक्ष डॉक्टर बोस्सिओ यांच्याकडे गेली. (डॉक्टर म्हणजे वकील. औषधपाण्याशी त्यांचा संबंध नाही, हे गावाचं भाग्यच.)

क्लबालाही त्या रविवारची चिंता होतीच. दुसऱ्या विभागात तळाला दोनच क्लब उरले होते, आम्ही आणि शेजारचं सान्ता एदुविखिस. जो हरेल तो तिसऱ्या विभागात जाणार. तिसऱ्या विभागात एकूण चार क्लब आहेत, पैकी एकाचं कोर्ट सिमेंटचं आहे आणि त्यावर शेळ्यांचा पूर्वापार हक्क आहे. तेव्हा डॉक्टर बोस्सिओंनी त्याच रात्री फोनाफोनी करून 'फोरहँड स्थलांतर उपसमिती' स्थापन केली. उद्देश एका ओळीत: सदस्य गालिनो यांचा सरावातील फोरहँड सुस्थितीत, तूटफूट न होता, सामन्यात नेणे.

उपसमितीत पाच सभासद होते. क्लबाची प्रशिक्षक इल्दा पेरेत्ती हिला निमंत्रित म्हणून बोलावलं, पण मताचा हक्क दिला नाही. तिला टेनिस येत असल्यामुळे ती तटस्थ राहू शकली नसती.

साठीची इल्दा भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यात स्थलांतर कसलं डोंबलाचं? त्याला सांगा, पाय हलव आणि हरायची लाज सोड. हात ठीक आहे त्याचा."

इतिवृत्तात याची नोंद 'सूचना ऐकण्यात आली' अशी आहे.

पहिल्या बैठकीत आकडेवारी मागवली गेली. ती अशी. सरावात शंभरपैकी चौऱ्याण्णव फोरहँड आत. सामन्यात शंभरपैकी एकतीस. सामन्यात तीस-चाळीस अशा गुणांवर शंभरपैकी नऊ. कुंपणापाशी मेहुणी उभी असताना किती, ते सांगता येत नाही, कारण तेव्हाचे चेंडू सापडलेले नाहीत. यावरून उपसमितीनं निष्कर्ष काढला की हातात दोष नसून वातावरणात आहे. तेव्हा सामन्याचं वातावरण सरावात आणावं, म्हणजे हाताला सवय होईल. यात कुणाला काही चूक दिसली नाही. मलाही दिसली नव्हती.

मंगळवारपासून कार्यवाही सुरू झाली. प्रत्येक गेम शून्यापासून न मोजता तीस-चाळीसपासूनच मोजायचा, म्हणजे रेमिजिओचा जीव कायम टांगणीला. पहिल्या दिवशी त्यानं तीन चेंडू झाडांत घातले आणि उपसमितीला फार आनंद झाला. पण गुरुवारपर्यंत तो तीस-चाळीसला असा काही सरावला की शिट्टी वाजवत फटके मारायला लागला. मग सात बायकांना कुंपणापाशी बसवून प्रत्येक फटक्यानंतर उसासा टाकायला सांगितलं. पहिले दोन उसासे लागू पडले. नंतर तो उसाशांच्या मधे थांबून, "काय मावशी, गुडघा कसा आहे आता?" असं विचारायला लागला, आणि गुडघा दुखतच असल्यामुळे सराव पंचवीस मिनिटं थांबला. मग डॉक्टर बोस्सिओ स्वतः उंच खुर्चीवर बसून मोठ्यांदा चुकीचे गुण पुकारू लागले. हे त्यांना उत्तम जमलं. रेमिजिओनं मात्र हसून हात हलवला आणि पुढचा फोरहँड कोपऱ्यात नेऊन ठेवला. जो हरेल त्यानं असादोची, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायची, चरबटलेली जाळी घासायची अशीही अट घातली. रेमिजिओ हरेचना, आणि ती जाळी तीन वेळा खजिनदारांनी घासली.

शेवटचा उपाय म्हणून शेजारच्या शहरातून ओफेलियाच्या आईला टॅक्सीनं आणवलं. तिनं अकरा वर्षं जावयाबद्दल जी मतं बाळगली आहेत ती सर्वश्रुत आहेत. तिला कोर्टाच्या अगदी कडेला, रेमिजिओच्या नजरेत येईल अशी वेताच्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटांत तिला झोप लागली, आणि जाग आल्यावर ती म्हणाली, "छान खेळतो की! मग बायको का रडते त्याची?"

सरावातल्या फोरहँडचं प्रमाण या काळात चौऱ्याण्णववरून सत्त्याण्णववर गेलं. उपसमितीच्या हे लक्षात आलं की दडपण सरावात आणलं, की तेही बिचारं सराव होऊन बसतं. डॉक्टर बोस्सिओंनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांच्या डोक्यात तो ऐतिहासिक विचार आला. सामना सरावात आणता येत नाही ना? मग सराव सामन्यात न्यायचा. रेमिजिओ हात मोकळे करताना देव असतो. तर त्याला अखेरपर्यंत हातच मोकळे करू द्यायचे. सामना सुरू झालाय हे त्याला सांगायचंच नाही.

"असं चालतं का?" एका सभासदानं विचारलं.

डॉक्टरांनी लीगची नियमावली काढली. कलम चौदा म्हणतं की दोन्ही कप्तानांनी गुणपत्रकावर सही केली की सामना सुरू झाला. खेळाडूला कळवण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. (नियमावली लिहिणाऱ्यांनी खेळाडूच्या लक्षात येईल असं गृहीत धरलं असावं. अशी गृहीतकं धरूनच नियम लिहितात.)

ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. खजिनदार जाळी घासत होते.

त्या रात्री डॉक्टर बोस्सिओ गालिनोंच्या घरी गेले. रेमिजिओ अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारत होता. स्वयंपाकघरात ओफेलियानं माते ओतून त्यांच्यापुढे केलं.

"म्हणजे त्याला फसवायचं," ती म्हणाली.

"फसवायचं नाही, बाई. कळवायचं नाही."

"आणि जिंकला तर?"

"जिंकला की लगेच सांगू! त्याला उशिरा कळेल, पण जिंकल्याचं कळेल."

भिंतीवरून चेंडूचा ठोका येत होता, घड्याळासारखा, एकही चुकत नव्हता. ओफेलियानं मातेत आणखी गरम पाणी ओतलं. मग म्हणाली, "करा. पण जिंकला नाही तर मला आधी सांगा. त्याला नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. तशी वेळ येणारच नव्हती, त्यामुळे वचन द्यायला त्यांना काहीच जड गेलं नाही.

रविवारी दुपारची झोप आटोपून चार वाजता गाव क्लबावर लोटला. पहिल्या चार सामन्यांत दोन त्यांनी जिंकले, दोन आम्ही. उरला पाचवा. रेमिजिओ गालिनो विरुद्ध एल्वियो वासालो.

एल्वियो वासालो म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला, वय एकोणसत्तर. त्याच्याकडे फोरहँड नाही. बॅकहँडही नाही. त्याच्याकडे एक हात आहे आणि त्या हाताला लागलेला चेंडू परत येतो, एवढंच. तो जोरात मारत नाही, पळत नाही, घामही फारसा येऊ देत नाही. त्रेचाळीसपैकी सहा पराभव रेमिजिओनं याच म्हाताऱ्याकडून घेतले होते.

पाहुण्यांच्या कप्तानाला डॉक्टरांनी बाजूला नेऊन योजना सांगितली. तो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. सही करायला त्यानं एकच अट घातली, सामन्यानंतरच्या असादोत बरगड्या जास्त हव्यात. एल्वियोला सगळं सांगितलं गेलं. तो म्हणाला, "मला काय, मी खेळतो," आणि बुटाची नाडी बांधली.

डॉक्टर बोस्सिओ रेमिजिओला म्हणाले, "काटक्या, गुणपत्रक त्यांच्या गाडीत राहिलंय आणि गाडी गेलीय पेट्रोल भरायला. कागद येईपर्यंत हात मोकळे करत राहा. सर्व्हिसचाही सराव करून घ्या, आळीपाळीनं."

"अरे वा!" रेमिजिओचा चेहरा उजळला. "येऊ दे सावकाश."

बकाण्याच्या सावलीतल्या टेबलावर दोन सह्या झाल्या. सामना सुरू झाला.

पहिला फोरहँड! लोकहो, काय सांगावं! खांदा, गुडघे, कमरेच्या पुढे, डाव्या खांद्यावर. पाहुण्यांच्या बाजूनंही कुणीतरी "ओहो" म्हणालं. दुसरा तसाच. तिसरा त्याहून सरस. आणि तिन्ही चेंडू जाऊन कुठे पडले? एल्वियोच्या रॅकेटवर. बरोबर मधोमध, कमरेच्या उंचीवर, ताटात वाढल्यासारखे.

कारण हात मोकळे करताना आपल्याकडची रीतच ती. समोरच्याला चेंडू हातात द्यायचा, त्यालाही हात मोकळे करायचे असतात. पाच मिनिटांत जो कोपऱ्यात मारतो त्याला आमच्या भागात आईवडिलांनी वळण लावलं नाही असं समजतात. आणि रेमिजिओला वळण उत्तम होतं.

एल्वियोला मात्र सामना सुरू झाल्याचं माहीत होतं. चौथा चेंडू त्यानं हळूच रिकाम्या कोपऱ्यात सोडला. पंधरा-शून्य.

"सॉरी, सॉरी!" रेमिजिओ पलीकडून ओरडला. "माझंच पोचणं झालं नाही!" आणि चेंडू आणायला पळाला.

दोन गेम झाले, तीन झाले. एल्वियो चेंडू कोपऱ्यात सोडत होता आणि रेमिजिओ दर वेळी त्याची माफी मागून पुढचा चेंडू त्याच्या हातात नेऊन देत होता. सर्व्हिसही कशी, म्हाताऱ्याला मनगट दुखू नये अशी. प्रत्येक विषम गेमनंतर नियमाप्रमाणे बाजू बदलायची, म्हणून एल्वियो म्हणायचा, "डोळ्यांवर ऊन येतंय रे," आणि रेमिजिओ लगबगीनं जागा देऊन सावलीकडची बाजू त्याच्या स्वाधीन करायचा. चौथ्यांदा ऊन दोन्ही बाजूंनी येतंय हे ऐकल्यावर त्याला वाईट वाटलं. ओफेलियाकडे बघून तो हळूच म्हणाला, "बिचाऱ्याच्या डोळ्यांना काहीतरी झालंय."

"थांबवा हे," इल्दा दात ओठ खात म्हणाली. "आत जाते आणि सांगते त्याला, की गाढवा, सामना चालू आहे, मार कोपऱ्यात!"

"खबरदार," डॉक्टर बोस्सिओ कुजबुजले. "सांगितलं की हात गोठला. आत्ता बघ, पहिल्या सेटमध्ये फोरहँड किती चुकले? शून्य. शंभर टक्के यश असलेला प्रयोग मधेच थांबवायचा कुठल्या तोंडानं?"

इल्दा पाय आपटत मागे फिरली. शंभर टक्क्यांपुढे कोणाचंच चालत नाही.

दुसऱ्या सेटमध्ये रेमिजिओनं एक गेम जिंकला. चेंडू जाळीच्या पट्टीला लागून पलीकडे मटकन पडला, असं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्यानं छातीवर हात ठेवून माफी मागितली. सहा-शून्य, सहा-एक. बावन्न मिनिटं. उपसमितीच्या दप्तरी ही नोंद आजही आहे की ला कन्स्तान्सिया क्लबाच्या इतिहासात कोणीही इतका सुंदर फोरहँड इतका वेळ खेळलेलं नाही.

पाहुण्यांचा कप्तान आळोखेपिळोखे देत उठला. गावातले लोक एकमेकांकडे न बघता आपापल्या खुर्च्यांकडे बघू लागले. तिसरा विभाग. शेळ्या.

आणि रेमिजिओ गुलाबी झालेल्या चेहऱ्यानं, भुकटीनं लाल झालेल्या मोज्यांत जाळीपाशी आला. रॅकेटची तार बोटानं नीट करत म्हणाला, "काय मस्त हात मोकळा झालाय आज! आला का कागद? चला, सुरू करूया."

डॉक्टर बोस्सिओंनी गुणपत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग ओफेलिया उठली. ती कोर्टाच्या कडेनं चालत एल्वियोपाशी गेली. म्हातारा बाकावर टॉवेल मानेवर टाकून बसला होता, एका बुटाची नाडी सोडलेली.

"आणखी एक सामना खेळाल का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"बाई, मी आत्ताच एक जिंकलोय."

"माहीत आहे. त्याला माहीत नाही."

एल्वियोनं रेमिजिओकडे पाहिलं. तो सर्व्हिसच्या रेघेमागे उभा राहून हाताला फुंकर मारत होता. खरा सामना म्हटल्यावर त्याचा रंग बदलायला लागला होता.

"मुद्दाम हरणं मला जमत नाही," एल्वियो म्हणाला. "चाळीस वर्षं सिग्नल सांभाळले. लालला लाल आणि हिरव्याला हिरवं."

"मुद्दाम हरू नका. त्याला कळेल. नुसतं खेळा."

"आणि बरगड्या?"

"राखून ठेवते. माझ्या हातानं."

म्हाताऱ्यानं नाडी पुन्हा बांधली.

आता जो सामना झाला तो लीगच्या दप्तरात नाही. डॉक्टर बोस्सिओंनी मोठ्या आवाजात गुण पुकारले, या खेपेला बरोबर. पहिल्याच गेममध्ये रेमिजिओचा फोरहँड बकाण्यात गेला आणि गावाला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. झाडू, पाल, जाळी, झाडं, सगळं पूर्ववत. पहिला सेट चार-सहा गेला. पण एल्वियो एकोणसत्तर वर्षांचा होता आणि तासभर आधीच खेळलेला होता. दुसऱ्या सेटमध्ये त्याच्या पोटरीत गोळा आला. परत येणारा चेंडू अधूनमधून परत येईना. रेमिजिओ वाकडातिकडा, धापा टाकत, फोरहँडच्या नावाखाली वाटेल ते करत सहा-चार जिंकला.

तिसऱ्या सेटमध्ये कोणी खुर्चीवर बसलं नव्हतं. हे खोटं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी खजिनदारांनी नखं खाऊन संपवली होती. इल्दा कुंपणाला धरून ओरडत होती, "पाय! पाय हलव, रेमिजिओ!" आणि आश्चर्य म्हणजे तो हलवत होता. सहा-पाच, चाळीस-तीस. अकरा वर्षांत प्रथमच सामना एका गुणावर आला होता. एल्वियोनं चेंडू हळूच उंच सोडला, पोटाएवढा, सोपा. फोरहँडचा.

रेमिजिओ खिळला. डोळे मोठे झाले. ओफेलियानं डोळे मिटले. मग रॅकेटच्या कडेला टक्क असा आवाज आला, चेंडू भलत्याच दिशेनं भिरभिरत गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात रेषेच्या आसपास कुठेतरी टेकला.

आमच्याकडे पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानं भुकटीवरची खूण बघून निवाडा द्यायचा. एल्वियो लंगडत कोपऱ्यात गेला, वाकला आणि खूण बघितली. बराच वेळ बघितली. मग आपल्या बुटांकडे पाहत म्हणाला, "आत."

इल्दा खूण बघायला धावली. पण ती पोचेपर्यंत म्हाताऱ्यानं कोर्ट सारवायची चटई ओढत आणून त्या कोपऱ्यावरून दोनदा फिरवली होती. पाहुणा कधी चटई ओढत नाही. त्या दिवशी ओढली.

रेमिजिओ हात मिळवायला जाळीपाशी गेला. एवढंच त्याला हवं होतं, तो नुसता हात मिळवणार होता. पण त्यानं जाळीवरून वाकून म्हाताऱ्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ओफेलियाही रडली. सगळा गाव रडला, आणि पाहुणेही, ज्यांना बरगड्यांखेरीज यात काही मिळवायचं नव्हतं.

"म्हणजे वाचलो ना आपण?" असादोच्या धुरात डोळे पुसत रेमिजिओनं विचारलं.

डॉक्टर बोस्सिओंनी घसा साफ केला. ते वकील आहेत, प्रसंगावधान त्यांचं शिक्षण आहे. "दुसऱ्या विभागातच आहोत," ते म्हणाले. "फक्त लीगनं विभागांचे क्रमांक बदललेत. आता दुसऱ्याला तिसरा म्हणतात."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आम्ही तिसऱ्या विभागात खेळतो. रेमिजिओ त्याला दुसरा म्हणतो आणि कोणी त्याला दुरुस्त करत नाही. बेकरीवाला नाही, पाद्रीबाबा नाहीत, शेळ्यांचा मालकही नाही. उपसमिती बरखास्त झालेली नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी 'रेमिजिओला कोणी सांगावे' या एकाच विषयावर भरते. उपस्थिती शंभर टक्के असते आणि विषय पुढच्या बैठकीकडे ढकलण्याचा ठराव एकमतानं मंजूर होतो. त्यानंतर तो एकही सामना जिंकलेला नाही, पण आता हरल्यावर झोपतो शांत. रंग बरोबर कालवतो. शिवाय आसपासच्या गावांतले क्लब त्याला बोलावतात, आणि तो तरुण खेळाडूंसमोर उभा राहून 'सरावातला फोरहँड सामन्यात कसा न्यावा' यावर दीड तास बोलतो. प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा शंभरपैकी सत्त्याण्णव आत पडतात.

मागच्या हिवाळ्यात एकदा, जेवण झाल्यावर, त्यानं अचानक विचारलं, "ओफे, खरं सांग. तो सामना मी जिंकलो ना?"

ओफेलिया भांडी विसळत होती. "जिंकलास की," ती म्हणाली, आणि आधीच कोरडं झालेलं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

वाचकांनी हसायला हरकत नाही. आमचा गावही हसतो, रेमिजिओ दुकानाच्या मागच्या खोलीत गेला की. हसून झाल्यावर सवडीनं एक किरकोळ चौकशी मात्र करावी. तुम्हीही आयुष्यात एकदा कधीतरी जिंकला असाल. कचेरीतली ती एक बढती, शाळेतलं ते एक बक्षीस, भरल्या सभेत केलेलं ते भाषण, ज्याची गोष्ट तुम्ही अजून सांगता आणि घरचे अजून ऐकून घेतात. "तू जिंकलास" असं तुम्हाला ज्यानं सांगितलं, तो माणूस तेव्हा नेमका कुठे बघत होता?